सावित्रीबाईंचा होकार

गावाहून निघताना म्हाताऱ्या आईला "चल माझ्याबरोबर मुंबईक" असं म्हणायचं असतं. हे कोणी शिकवत नाही. आणि त्यावर आईने "नको रे पूता, माका हयच बरां" असं म्हणायचं असतं, हेही कोणी शिकवत नाही. मालवणच्या किनाऱ्याला ही रीत चुलीइतकी जुनी आहे. मुलाने एवढ्या मोठ्याने म्हणायचं की शेजारच्या पडवीत सुपारी कातरणाऱ्यालाही नीट ऐकू जावं. आईने त्याहून मोठ्याने नाकारायचं. मग शेजारणीने पदर डोळ्याला लावून "झील कितको ओढता, पण म्हातारी ऐकणा नाय" असा शेरा मारायचा. मुलाची अब्रू वर्षभरापुरती धुऊन इस्त्री होते, आईचा मान राहतो आणि गाडी सुटते. यात कोणाचंही नुकसान नाही.

सुदेश हे काम दर मे महिन्यात चोख करत आला होता. नवी मुंबईतल्या एका कंपनीत तो खरेदी खात्यात होता, डोंबिवलीत राहत होता आणि स्वभावाने अगदी सरळ होता. आईला रोज फोन, औषधं कुरिअरने, गणपतीला आठ दिवस रजा. म्हणजे कुठे बोट ठेवायला जागा नाही. वर्षानुवर्षं तेच वाक्य म्हणून म्हणून आपण आईला मुंबईला न्यायला अगदी तळमळतो आहोत, असं आता त्याचं त्यालाही वाटू लागलं होतं. यंदा तर जरा रंग भरावा म्हणून त्याने आईची दोरीवरची लुगडी-पातळं काढून पिशवीत भरल्यासारखं केलं आणि अंगणातल्या खळ्यात उभा राहून हाक दिली, "आये, आता काय एक ऐकूचंय नाय. चल माझ्यावांगडा!"

शेजारच्या जानकीकाकीने सवयीने आधीच पदर डोळ्याला लावला आणि "म्हातारी ऐकणा नाय," म्हणूनही टाकलं.

सावित्रीबाई पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरां. येतंय."

गाडीत पुढच्या सीटवर बसून विनीता, म्हणजे सुदेशची बायको, पट्टा लावत होती. तिचा हात तिथेच थांबला. जानकीकाकीचा नवरा बाबली अडकित्ता हातात धरून तसाच बसून राहिला. सुदेशने आधी आईकडे पाहिलं, मग हातातल्या पिशवीकडे.

"कधी?" त्याने विचारलं. एवढ्या थोर पुत्राला शोभेल असा हा प्रश्न नव्हता, पण त्या क्षणी दुसरा सुचला नाही.

"कधी म्हणजे? आता. गाडी हयच आसा ना?"

गाडी तिथेच होती, हे नाकारता येण्यासारखं नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाचं घर असं एका झटक्यात बंद करता येत नाही, आवराआवर करावी लागते, असं सुदेशने सर्वांना समजेल अशा आवाजात सांगितलं आणि डिकीतल्या बॅगा पुन्हा माजघरात आणल्या. साहेबांना फोन करून रजा वाढवली. कारण काय सांगावं याचा त्याला क्षणभर प्रश्न पडला. "आई येते म्हणाली," असं सांगितलं तर साहेब "मग?" म्हणाले असते.

मागच्या दारी विहिरीपाशी विनीताने त्याला गाठलं. ती जन्माने आणि वाढीने दादरची. आवाज न चढवता भांडायचं ही विद्या तिला उत्तम येत होती.

"दरवर्षी तुम्ही त्यांना चल म्हणता. मला कधी विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? ती कुठे येणार होती!"

"मग म्हणायचं कशाला?"

सुदेशने रहाटाचं निरीक्षण केलं. रहाटाला तेल घालायला झालं होतं.

विनीता वाईट नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण अशा गोष्टींत सुनेवर लगेच संशय जातो. घर दोन खोल्यांचं आणि स्वयंपाकघराचं. त्यातल्या एका खोलीत कॉलेजात जाणारी मुलगी आणि तिची पुस्तकं. स्वतः विनीता सकाळी सातला घर सोडते ती संध्याकाळी सातला येते. इमारतीला लिफ्ट नाही, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आणि सावित्रीबाईंचे गुडघे पडवीच्या तीन पायऱ्यांनाही कुरकुरतात. याची तोड म्हणून सुदेशने सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावला आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्यात एक खुर्ची ठेवू द्यावी, आई मध्ये टेकेल, अशी विनंती केली. सेक्रेटरी म्हणाले, "आज तुम्ही खुर्ची ठेवाल, उद्या दुसरे पलंग ठेवतील. नियमांत जिना चढण्याची तरतूद आहे, उतरण्याची आहे, जिन्यात बसण्याची नाही. सर्वसाधारण सभेत विषय आणा." सभा दिवाळीनंतर होती.

मग सुदेशने पुण्याला मोठ्या भावाला फोन केला. देवेशचा फ्लॅट ऐसपैस, इमारतीला दोन दोन लिफ्ट. तो आनंदाने म्हणाला, "वा! फार छान निर्णय घेतलास. मी म्हणणारच होतो की आईला तुझ्याकडेच बरं वाटेल." आणि मागोमाग त्याने फोनवर हात जोडल्याची दोन चित्रं पाठवली.

संध्याकाळपर्यंत बातमी वाडीभर झाली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. बाबली त्यात अग्रभागी होता. "घर बंद ठेवलंस तर वाळवी खातली, उघडां ठेवलंस तर माकडां," असं सांगून त्याने दोन्ही वाटा आधीच बंद केल्या. मग मुंबईला गेलेल्या म्हाताऱ्यांचे दाखले निघाले. एक जण तिकडे जाऊन वाळला, दुसरा बसून बसून फुगला, तिसरा गेला तो तिकडचाच झाला. हे तिन्ही दाखले त्याने सारख्याच गंभीरपणे मुंबईविरुद्ध दिले. कोणी म्हणालं, म्हातारीची जागा बदलली की भूक जाते. कोणी म्हणालं, जाते कसली, दुप्पट लागते. सावित्रीबाई मधोमध बसून सगळं ऐकत होत्या आणि सांडगी मिरच्या डब्यात भरत होत्या. आपल्याविषयी चाललंय याचा त्यांच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

शेवटी बाबलीने अडकित्ता खाली ठेवला. "सुदेश, माझां ऐक. देवाक इचार. राखणदाराक इचारल्याबिगर म्हातारी गावाच्या शिवेभायर काढूची नाय. कौल लाव."

सुदेशचा चेहरा एकदम उजळला. हे आपल्याला आधी का सुचू नये! माणसाने नाही म्हटलं तर माणसाची नाचक्की; देवाने नाही म्हटलं तर सगळे हात जोडून मोकळे. आईचा मान राहील, बायकोची ओढाताण वाचेल, आणि आपण? आपण तर न्यायलाच निघालो होतो, पण देवापुढे कोणाचं चालतं? पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारा गावदेव रवळनाथ सावित्रीबाईंना डोंबिवलीला पाठवील ही गोष्ट त्याला शक्य वाटेना. रात्री त्याला शांत झोप लागली.

पण देवाचं ऑफिसही ऑफिसच असतं. सकाळी आंघोळ करून, नारळ घेऊन सगळे देवळात गेले, तर गुरवाने मान हलवली. "मानकऱ्याचो हुकूम नाय तर माका कौल लावूचो अधिकार नाय."

"मानकरी खंय आसत?" सुदेशने विचारलं.

"भाई? ते आता झिलाकडे नालासोपाऱ्याक रवतत. जत्रेक येतत."

ज्या प्रश्नासाठी कौल लावायचा, तो सोडवून मानकरी स्वतःच निघून गेले होते. फोन लावायचं ठरलं, पण देवळात रेंज नव्हती. रेंज दीपमाळेच्या कट्ट्यावर चढून हात वर केला तरच येत होती. त्यामुळे बाबली फोन घेऊन कट्ट्यावर चढला आणि नालासोपारा आणि रवळनाथ यांच्यामधला दुवा झाला. भाईंचा आवाज खणखणीत होता. "लावा, लावा कौल! आणि माझ्या परड्यातले नारळ कोण काढता तां पण देवाक इचारा!"

बाबली ओरडला, "भाई म्हणतत, लावा कौल! फुडचां काय ऐकाक येणा नाय!"

फुडचं सगळ्यांना ऐकू आलं होतं, पण भाईंच्या परड्याची, म्हणजे परसातल्या माडांची, राखण बाबलीकडेच असल्यामुळे कोणी विषय वाढवला नाही. सुदेशने घाईघाईने कट्ट्यावर चढून फोन हातात घेतला आणि विचारलं, "भाई, तुमका थंय बरां वाटता काय?" त्याला खरं तर नाही असं उत्तर हवं होतं. भाई म्हणाले, "बरां म्हणजे? आमच्या बिल्डिंगीतल्या गणपतीचां गाऱ्हाणां मीच घालतंय. सगळे 'होय म्हाराजा' म्हणतत, त्यात एक गुजराती पण आसा!" सुदेशने फोन बंद केला.

गुरवाने देवाच्या पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज ही तुझी लेक सावित्री मुंबयची वाट धरता. तिका झिलान न्हेवची आसात तर उजवो दी, नाय..."

उजवी पाकळी पडली. वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. देवाच्या कारभारात इतका तातडीचा निकाल गावाने पाहिला नव्हता. विनीताने सुदेशकडे पाहिलं, आणि सुदेशने छताकडे. तिथे पंखा फिरत होता.

"पंखो चालू होतो!" बाबली गरजला. तो पंखा मुंबईकर मंडळाने देवळाला दिलेला होता आणि त्याच्या पात्यांवर देणगीदारांची नावं रंगवलेली होती. "मुंबयच्या पंख्यान मुंबयचो कौल दिल्यान! ह्यो कौल धरूचो नाय!"

गावातला कोणताही निकाल अपिलाशिवाय पक्का होत नाही. पंखा बंद झाला. नव्या पाकळ्या लागल्या, गाऱ्हाणं नव्याने झालं, आणि या खेपेला काहीच घडेना. उजवी हलेना, डावी हलेना. मे महिन्यातली दुपार, वारा पडलेला, गाभाऱ्यात समईची धग. माणसं घामाने निथळू लागली. गुरव म्हणाला, "देव इचार करता." सुदेश डाव्या पाकळीवर डोळे रोखून बसला होता. देवाशी तो मनातल्या मनात नेहमीच्या पुरवठादाराशी बोलावं तसं बोलत होता.

तेवढ्यात मागे बसलेल्या सावित्रीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पुढे आल्या.

"तुमी इचारलात. आता माका इचारू दी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले. "देवा म्हाराजा, ह्यो झील माका चल म्हणता, तां मनापासून म्हणता काय शेजाऱ्यांक ऐकवूक म्हणता? मनापासून आसात तर उजवो दी. नाय तर डावो."

'होय म्हाराजा' म्हणायचं कोणालाच भान राहिलं नाही.

सुदेशला आता त्या दोन पाकळ्यांकडे बघवेना. इतका वेळ तो ज्या डावीची वाट बघत होता, ती आता पडली तर सगळ्या गावादेखत पडणार होती. पण गाव राहू दे. आई बघत होती. आणि उजवी पडली तर ते खोटं असेल, हे देवाखालोखाल त्यालाच ठाऊक होतं. डावी जराशी हलल्यासारखी त्याला वाटली आणि त्याने एकदम हात पुढे केला.

"थांबा! कौल नको. मी सांगतंय."

"देवाच्या आड हात घालू नको," गुरव म्हणाला, पण सुदेश आईकडे वळला होता.

"आये, मी लोकांक ऐकवूकच म्हणत होतंय. तू नको म्हणतलंस ह्यां माका ठावक होतां, म्हणान म्हणत होतंय. घर ल्हान आसा. तिसरो माळो. आमी दोघांय दिवसभर भायर. तुका थंय न्हेवन परत एकटीच बसवतलंय, ह्याचां माका भ्याव वाटता. आणि हय सोडून जातंय तेव्हा पण भ्याव वाटता. खरां सांगतंय."

"माका ठावक होतां," सावित्रीबाई शांतपणे म्हणाल्या. "तू चल म्हणी, मी नको म्हणी. दोघांचांय बरां चललां होतां."

"मगे औंदा कित्याक हो म्हणालंस?"

"माका येवचां आसा म्हणान."

हे उत्तर कोणाच्याच हिशेबात नव्हतं. बाबलीला तर ते पटेचना. "सावित्री, ह्यां काय? आपणाक म्हाताऱ्यांक मातयेची ओढ आसता गो!"

"जो तो ह्यांच सांगता. माका कोणी इचारल्यान?" सावित्रीबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मातयेत शेवटाक जावचांच आसा, तर आत्तापासून तिच्यावांगडा कित्याक बसान रवतलंय? माका माणसां व्हयी. सांजवेळी दिवो लावल्यार बोलूक कोण नाय. कोंबड्यांवांगडा बोलतंय, तर आता त्यो पण माका बघल्यार पळतत."

"आमी आसंव मां गो," जानकीकाकी दुखावून म्हणाली.

"आसात. पण तिन्हीसांजा झाल्यार तू दार लावन मालिका बघतंस. तुझो दोष नाय. सगळ्यांचीच दारां लागतत."

"मगे आदी कित्याक नाय सांगलंस आये?" सुदेशने विचारलं.

"सांगूचां कसां? आपणहून येतंय म्हटलां तर लोक म्हणतले, म्हातारी सुनेच्या डोक्यार जावन बसली. झिलान बोलावचां आणि आवशीन नको म्हणूचां, ही रीत. रीत मोडूक धीर लागता. औंदा आणलंय. दिवसभर एकटी तर एकटी. पण सांजेक कोणतरी दार वाजवतलां ना? तितक्यां पुरे माका."

सुदेशला रडू आलं. तो रडला, खरेदी खात्यातला माणूस असला तरी. विनीता उठून सासूजवळ जाऊन बसली.

"आई, मी स्पष्ट बोलते. घरी येते तेव्हा मी दमलेली असते. कधी कधी माझा तोल जातो. मग वाईट वाटेल तुम्हाला."

"गो बाय, तोल माझो पण जाता. हय कोणावर जावचो तां गावणा नाय. थंय तू गावतलंस."

विनीता हसली. गेल्या दोन दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती. "आणि जिना?"

"एकदा चढलंय की परत परत उतरूचां कित्याक? आणि चढताना दमलंय तर पायरेर बसतलंय. पायरेर बसूक तुमच्या त्या सेक्रेटरीचो बापूस पण नको म्हणूचो नाय."

"चल, आये," सुदेश म्हणाला. हे तो इतक्या हळू म्हणाला की मागे बसलेला बाबली कासावीस होऊन "काय म्हणालो? काय म्हणालो?" असं विचारत राहिला. त्याला कोणी सांगितलं नाही. पाकळ्यांकडे नंतर कोणाचंच लक्ष राहिलं नाही. त्यांतली एक पडली असं गुरव म्हणतो, पण कोणती ते सांगत नाही.

पुढचे दोन दिवस निव्वळ हमालीचे गेले. दोन पातळं आणि देव एवढंच घेऊन निघते म्हणणाऱ्या सावित्रीबाईंचं सामान बघता बघता वाढलं. भाताचं पोतं, कोकमं, मसाल्याची बरणी, खारवलेल्या बांगड्यांचा डबा (ज्याचं झाकण नीट लागत नव्हतं, हे कसालच्या अलीकडे कळलं) आणि पाटा-वरवंटा. मुंबईला मिक्सर असतो असं विनीताने सुचवून पाहिलं. "आसू दी. तोय आसू दी," असं म्हणून सावित्रीबाईंनी वरवंटा स्वतःच्या पायाशी ठेवून घेतला. कोंबड्या जानकीकाकीकडे गेल्या, घराची किल्ली बाबलीकडे. माकडांकडे लक्ष ठेवीन असं त्याने वचन दिलं. आपल्या परड्यातल्या नारळांचं काय होणार याची सुदेशला पूर्ण कल्पना होती.

निघताना वाडी लोटली होती. या खेपेला कोणी काय म्हणायचं हे ठरलेलं नसल्यामुळे सगळ्यांची पंचाईत झाली. जानकीकाकी पदर डोळ्याला लावून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "फोन कर गो. मालिका लागायच्या आदी कर." आणि ती खरोखरच रडली.

सावित्रीबाई पुढच्या सीटवर बसल्या. कसालला हायवेला लागेपर्यंत त्यांनी सुदेशच्या गाडी चालवण्यातल्या बऱ्याच चुका दाखवल्या. कणकवलीत चहा घेतला आणि तो पाणचट असल्याचं चहावाल्याला सांगितलं. विनीता मागे भाताच्या पोत्याला टेकून बसली होती. बांगड्यांच्या वासाने तिचं डोकं चढलं होतं, पण तिने नुसती खिडकी उघडली. पुढे पुढे सावित्रीबाईंचं बोलणं कमी झालं. खारेपाटणचा पूल आला, जिल्ह्याची हद्द जवळ आली, तशा त्या समोर दिसू लागलेल्या नदीकडे बघता बघता मुसमुसून रडायला लागल्या.

सुदेशने ब्रेक लावला. पुलाच्या तोंडाशीच त्याने गाडी बाजूला घेतली.

"आये, परत जावया? आत्ता फिरवतंय गाडी. कोण काय म्हणात तां म्हणू दी."

सावित्रीबाईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं.

"फिरवतलंस कित्याक? बारावी होवन तू मुंबयक गेलंस, तेव्हा बापूस वांगडा होतो ना तुझ्या? येवन सांगलेल्यान माका. एस्टी खारेपाटणच्या पुलार इली आणि झील रडाक लागलो, म्हणालो. मगे? माघारी फिरलंस काय तू?"

"नाय."

"मगे! रडूक इलां म्हणान कोण गाडी फिरवता? तू चलव. माझां मी रडतंय."

सुदेशने गिअर टाकला. आता त्यालाही समोरचं नीट दिसेना, म्हणून पुलावरून गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली आणि मागच्या ट्रकवाल्याने भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. विनीताने मागून एकच रुमाल पुढे केला, आणि तो आधी कोणी घ्यायचा हे मायलेकांचं पूल संपेपर्यंत ठरलं नाही.